नव्या डिस्कवरून संगणक सुरू होतांना

वहीची नक्कल आणि संगणकाच्या डिस्कची नक्कल यांत एक मोठा भेद आहे. वहीची नक्कल पुरी उतरली कीं काम संपलें. मूळ वही माळ्यावर टाकली तरी नक्कल वाचतां येते. डिस्कचें तसें नाहीं. तिच्यावरील सारें लेखन उतरून घेतलें तरी संगणक नव्या डिस्कवरून उठून उभा राहीलच, असें म्हणतां येत नाहीं.

पुण्यांतील एका सद्गृहस्थांची गोष्ट घ्या. आत्याबाईंच्या तोंडून ऐकलेल्या ओव्या त्यांनीं संगणकांत सांठविल्या होत्या. आत्याबाई वारल्या, त्यांचा आवाज तेवढा तेथें राहिला. अलीकडे जुनी हार्ड डिस्क टिक्‌टिक् असा आवाज करूं लागली. फिरत्या तबकडीच्या डिस्कचें तें लक्षण कांहीं बरें नव्हे. गृहस्थांनीं शहाणपणानें नवी एस. एस. डी. आणली. (हिच्यांत तबकडी नाहीं, कांहीं फिरतही नाहीं, डिस्क हें नांव तिला केवळ वारशानें मिळालें आहे.) दोन्ही जोडून त्यांनीं नक्कल करणारा प्रोग्राम उघडला. जुन्या डिस्कवर एक मोठा कप्पा दिसला, त्यांत विंडोज व सर्व लेखन. शेजारीं अवघ्या १०० मेगाबाइटांचा एक बिननांवाचा कप्पा. तो निरुपयोगी समजून त्यांनीं मोठ्याचीच नक्कल केली. संगणक पुन्हां सुरू केला, तों ओव्या जागच्या जागीं! पुढें आठ दिवस ते आनंदानें टिपणें लिहीत राहिले. वेग मात्र वाढला नाहीं. तो दोष त्यांनीं यंत्राच्या वयावर घातला.

नवव्या दिवशीं भाची घरीं आली. जुनी डिस्क पुसून टाकावी, असें त्यांनीं तिला सांगितलें. ती म्हणाली, “मामा, पुसण्याआधीं यंत्र बंद करूं, हिची केबल काढूं, आणि एकदां सुरू होतें का तें पाहूं.” पाहिलें. काळ्या पडद्यावर, सुरू करण्याजोगी डिस्क सांपडत नाहीं, एवढाच मजकूर उमटला.

याचें कारण समजून घेण्याजोगें आहे. वीज मिळतांच संगणक प्रथम मुख्य पट्टावरील एका चिपमधला प्रोग्राम चालवितो. १९८१ सालीं निघालेल्या आय. बी. एम. पी. सी.पासून पुष्कळ वर्षें हें काम बायॉसकडे होतें. तो डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाची. सुरुवातीचा चिमुकला प्रोग्राम व चार कप्प्यांचा तक्ता पुढें तेवढ्यांतच बसविलेला असे. आतां त्याच्या जागीं यू. ई. एफ. आय. आहे. तें फॅट-३२ पद्धतीचा एक लहान कप्पा हुडकतें आणि त्यांतील फाइल उघडून विंडोजला हांक मारतें. तो कप्पा म्हणजेच गृहस्थांनीं टाकून दिलेला बिननांवाचा कप्पा! शिवाय त्या कप्प्याचा क्रमांक डिस्कवर असतो तसाच मुख्य पट्टाच्या स्मृतींतही नोंदलेला असतो. ती नोंद अर्थातच जुन्या डिस्कची होती. म्हणजे आठही दिवस यंत्र जुन्या डिस्कवरूनच सुरू होत होतें, टिपणेंही तिच्यावरच उतरत होतीं, आणि नवी डिस्क शेजारीं स्वस्थ पडून होती. चालू विंडोज आपल्या कप्प्यास बहुधा ‘सी’ म्हणतें, मग तो कोणत्याही डिस्कवर असो. त्यामुळें गृहस्थ फसले यांत नवल नाहीं.

भाचीनें आधीं जुनी डिस्क पुन्हां जोडून आठ दिवसांचीं टिपणें नवीवर उतरवून घेतलीं. मग जुनी काढून विंडोज बसविण्याच्या पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू केलें व कमांड प्रॉम्प्ट उघडला. नव्या डिस्कची मांडणी जी. पी. टी. पद्धतीची होती आणि तिच्या शेवटीं थोडी जागा मोकळी होती, हें सुदैव. डिस्कपार्टनें तेथें १०० मेगाबाइटांचा कप्पा पाडून तो फॅट-३२ केला, त्याला ‘एस’ हें अक्षर दिलें आणि बीसीडीबूट ही आज्ञा चालविली. तिनें सुरू करण्याच्या फायली त्या कप्प्यांत घातल्या व स्मृतींत नवी नोंद केली. येथें एक सावधगिरी: पेन ड्राइव्हवरून पाहतांना विंडोजच्या कप्प्याचें अक्षर ‘सी’च असेल असें नाहीं, आंत विंडोज नांवाचें फोल्डर आहे कीं नाहीं तें पाहूनच आज्ञा द्यावी.

संपूर्ण डिस्कची नक्कल केली असतां निराळीच पंचाईत होऊं शकते. दोन्ही डिस्कची ओळखखूण एकच निघाली, तर विंडोज त्यांपैकीं एकीस बाजूला बसवून ठेवतें. म्हणून पहिल्या वेळीं नवी एकटीच जोडणें बरें. विंडोजचा कप्पा बिटलॉकरनें कुलूपबंद असेल, तर ४८ आंकड्यांची किल्ली आधींच कागदावर उतरवून ठेवावी. ऐन वेळीं ती शोधण्यासारखा मनस्ताप नाहीं.

त्या संध्याकाळीं यंत्र नव्या डिस्कवरून सुरू झालें. मामांनीं जुनी पुसण्याची गोष्ट पुन्हां काढली. “महिनाभर असूं द्या,” असें म्हणून भाचीनें ती वर्तमानपत्रांत गुंडाळली, वर तारीख लिहिली आणि कपाटांत ठेवून दिली.