न लढलेला वस्ताद

वस्ताद आपल्या पठ्ठ्याला सारे डाव शिकवितो, परंतु एक डाव स्वतःपाशी राखून ठेवतो, असे आपल्या तालमींतून पूर्वापार सांगत आले आहेत. पुढेमागे पठ्ठा उन्मत्त होऊन गुरूपुढेच शड्डू ठोकू लागला, तर तो राखलेला डाव कामी यावा, हा त्यातील हेतू. गोष्ट मनोरंजक खरी. पण तिचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. प्रत्येक पिढीने एकेक डाव राखावयाचा म्हटला, तर दहाव्या पिढीच्या हाती काय उरेल? विद्या राखून ठेवल्याने टिकते, की देऊन टाकल्याने? या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आपल्या सबंध आयुष्याने दिले, अशा एका अमेरिकन कुस्तीशिक्षकाचे चरित्र आज श्रोत्यांपुढे ठेवावयाचे आहे.

त्यांचे नाव एडवर्ड क्लार्क गॅलॅगर. जन्म १८८७ सालचा, कॅन्सस प्रांतातला. शेजारच्या ओक्लाहोमा प्रांतात स्टिलवॉटर नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १८९० साली शेतकी व यांत्रिक शिक्षणाचे एक कॉलेज स्थापन झाले. ओक्लाहोमाला राज्याचा दर्जा मिळाला तोच मुळी १९०७ साली. म्हणजे कॉलेज नवे, राज्य नवे आणि विद्यार्थी बहुतेक शेतकऱ्यांची मुले, असा सारा नवा संसार होता. गॅलॅगर याच कॉलेजात शिकले. धावण्यात व अमेरिकन पद्धतीच्या फुटबॉलात त्यांनी नाव मिळविले आणि १९०९ साली विद्युत्-यंत्रशास्त्राची पदवी घेतली. पुढे ते खेळांचे शिक्षक झाले व १९१६ साली या कॉलेजातील कुस्तीचे काम त्यांच्याकडे आले. मौज अशी की, चढाओढीची कुस्ती ते स्वतः कधीच खेळले नव्हते!

आपल्याकडे असा मनुष्य वस्ताद म्हणून आखाड्यात उतरता, तर त्याची काय शोभा झाली असती हे सांगावयास नको. परंतु गॅलॅगर यांचे वैगुण्य हेच त्यांचे सामर्थ्य ठरले. जो लहानपणापासून कुस्ती खेळत आला, त्याचे अंगच डाव जाणते. तो डाव का लागला, हे त्याला पुष्कळदा सांगता येत नाही. गॅलॅगर यांना अंगाने काहीच ठाऊक नव्हते, म्हणून प्रत्येक गोष्ट त्यांना बुद्धीने शोधून काढावी लागली. यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्याने पुलाच्या तुळईकडे पाहावे, तसे ते लढणाऱ्या दोन देहांकडे पाहू लागले. मनुष्याचा हात अगर पाय म्हणजे एक तरफ आहे. टेकूपासून जितक्या दूर जोर लावावा, तितका थोड्या बळाने मोठा भार हलतो. उभ्या मनुष्याचा तोल त्याच्या दोन पावलांच्या आधारावर असतो. शरीराचा भार त्या आधाराबाहेर ढकलला गेला की, तो कितीही बलिष्ठ असो, पडलाच पाहिजे. सांधा कोणत्या दिशेने वाकतो आणि कोणत्या दिशेने मुळीच वाकत नाही, हे ज्याला कळले, त्याला पकड कोठे घ्यावी हे सांगावे लागत नाही. या विचारसरणीने त्यांनी ३००हून अधिक डाव व त्यांच्या तोडी बसविल्या.

यातून एक मोठी गोष्ट साधली. जे कारणासह सांगता येते, ते कोणालाही शिकविता येते. कुस्ती ही ईश्वरदत्त देणगी न राहता भूमितीसारखा शिकण्याचा विषय झाली. अर्थात् भूमिती वाचून कोणी मल्ल होत नाही. घाम हा गाळावाच लागतो. परंतु त्या घामाला दिशा मिळाली. मका आणि गहू पिकविणाऱ्या घरांतील मुले या कॉलेजात येत आणि तीनचार वर्षांत तयार मल्ल होऊन बाहेर पडत.

परिणाम आकड्यांनीच सांगावा. अमेरिकन कॉलेजांच्या सामन्यात दोन संघ समोरासमोर येतात, प्रत्येक वजनाचा एकेक मल्ल गादीवर उतरतो आणि सर्वांच्या गुणांची बेरीज होऊन संघाचा जय ठरतो. असे १३८ सामने गॅलॅगर यांच्या संघांनी जिंकले, ५ गमावले आणि ४ बरोबरीत सुटले. १९ हंगामांत त्यांचा संघ अपराजित राहिला. १९२१ ते १९३२ या काळात तर लागोपाठ ६८ विजय झाले. सर्व कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा १९२८ साली एम्स येथे प्रथम भरली. तेव्हापासून १९४०पर्यंत तिचे सांघिक अजिंक्यपद या कॉलेजाकडे ११ वेळा आले. पैकी पहिल्या काही वर्षांचे अनधिकृत गणले जाते. १९३२ साली लॉस एंजेलिस येथील ऑलिंपिकमध्ये बॉबी पिअर्स व जॅक व्हॅन बेबर या दोन शिष्यांनी सुवर्णपदके मिळविली. १९३६ साली बर्लिन येथे फ्रँक लुईसने सुवर्ण आणि रॉस फ्लडने रौप्य पदक पटकाविले.

इतक्या यशानंतर सामान्य मनुष्याने काय केले असते? आपल्या विद्येभोवती कुंपण घातले असते. गॅलॅगर यांनी उलट केले. डावांची पुस्तके लिहून त्यांनी ती छापविली. म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनाही ती विकत घेता येऊ लागली. त्यांचे शिष्य ठिकठिकाणी शिक्षक होऊन गेले. क्लिफ कीन हे १९२५ साली मिशिगन विद्यापीठात गेले आणि १९७०पर्यंत, ४५ वर्षे, तेथे कुस्ती शिकवीत राहिले. दुसरे शिष्य पॉल कीन यांनी तर ओक्लाहोमा विद्यापीठाचा, म्हणजे अगदी शेजारच्या प्रतिस्पर्ध्याचा, संघ हाती घेतला.

आणि १९३६ साली जे व्हावयाचे ते झाले. राष्ट्रीय अजिंक्यपद त्याच ओक्लाहोमा विद्यापीठाने जिंकले. गुरूने शिकविलेल्या विद्येने शिष्याच्या संघाने गुरूचे पद हिरावून घेतले. शिष्याकडून पराजय व्हावा अशी इच्छा गुरूने धरावी, असे आपल्याकडे जुने वचन आहे. पण ते म्हणणे जितके सोपे, तितके सोसणे सोपे नाही. गॅलॅगर यांच्यापाशी राखून ठेवलेला डाव नव्हता. मार्ग एकच होता, आणखी शिकणे व आणखी शिकविणे. १९३७पासून १९४०पर्यंत चारही वर्षे अजिंक्यपद पुन्हा स्टिलवॉटरला आले. तगडा प्रतिस्पर्धी घरातूनच निर्माण झाला, म्हणून घरही जागे राहिले.

कॉलेजाने १९३८ साली एक विशाल क्रीडागृह उभारले आणि १९३९ साली गॅलॅगर यांच्या हयातीतच त्यांचे नाव त्याला दिले. हा मान त्यांना फार दिवस पाहता आला नाही. ऑगस्ट १९४० मध्ये, वयाच्या ५३व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

शिक्षकाची खरी परीक्षा येथून पुढे सुरू होते. व्यक्तीच्या तेजाने उजळलेली संस्था व्यक्तीबरोबर विझते. पद्धतीवर उभारलेली संस्था पुढेही चालते. गॅलॅगर यांच्या जागी आर्ट ग्रिफिथ आले. कुस्तीत गुण मोजण्याची जी पद्धत १९४१ साली कॉलेजांत रूढ झाली, तिचे श्रेय त्यांना देतात. त्यांच्या कारकीर्दीत कॉलेजाने ८ अजिंक्यपदे मिळविली आणि त्यांच्यामागून आलेल्या मायरन रॉडरिक यांच्या कारकीर्दीत ७. कॉलेजाचे नाव १९५७ साली ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठ असे झाले, तरी परंपरा खंडली नाही. २००६ सालापर्यंत अजिंक्यपदांची संख्या ३४वर गेली होती. अमेरिकेतील कुस्तीगीरांचे राष्ट्रीय स्मारकमंदिर १९७६ साली उघडले तेही स्टिलवॉटर येथेच.

याहून बोलके उदाहरण एका कुटुंबाचे आहे. रेक्स पिअरी या शिष्याने १९३३ ते १९३५ अशी तीन वर्षे आपल्या वजनात राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. पुढे तो पिट्सबर्ग विद्यापीठात शिक्षक झाला. तेथे त्याच्या हाताखाली ह्यू आणि एड या त्याच्या दोन्ही मुलांनी तीन-तीन वेळा तेच पद जिंकले. एका घरात ९ अजिंक्यपदे! त्यांपैकी शेवटचे आले १९५७ साली. तेव्हा गॅलॅगर यांना जाऊन १७ वर्षे लोटली होती.

श्रोतेहो, कुस्ती हे येथे निमित्त आहे. गवयाची चीज, वैद्याचे औषध, कारागिराची युक्ती, एवढेच काय, आजीच्या हातचे लोणचे, या सर्वांतून किती तरी गोष्टी आपण राखता राखता गमावल्या आहेत. आपल्या घरी कोणी जाणता वडीलधारा असेल, तर त्याच्यापाशी बसून "हे असेच का करावयाचे?" एवढा एक प्रश्न आजच विचारावा. उत्तर मिळेल ते लिहून घ्यावे. आणि जाणत्यांनीही हातचे राखू नये.