धुराचे दार

श्रोतेहो, दारे धरणे म्हणजे काय, हे जत भागातल्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. पाणीच मुळात थोडे; तेव्हा माणूस खोरे घेऊन सरीसरीने फिरतो, एक दार मोडतो, दुसरे बांधतो. त्याचा जरा डोळा लागला, की नको त्या वाफ्यात पाणी शिरलेच! आज अशाच एका दाराविषयी बोलायचे आहे. मात्र ते पाण्याचे नव्हे, धुराचे.

मोठी इस्पितळे, सिनेमागृहे, कचेऱ्या यांत थंड हवा पत्र्याच्या चौकोनी नळांतून खोलोखोल नेतात. या नळाला डक्ट म्हणतात. हा हवेचा पाटच समजा ना. पण चांगले काय नि गढूळ काय, पाटाला सारखेच. तळघरात आग लागली, तर धूर याच वाटेने वरच्या मजल्यावर निजलेल्या माणसापर्यंत पोचतो.

कोलकात्याच्या आम्री इस्पितळात ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे असेच झाले. आग तळघरात होती. धूर हवेच्या नळांतून वर चढला. नव्वदाहून अधिक माणसे दगावली, बहुतेक गुदमरून. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला १० नवजात बाळे गेली. त्यांतली ७ धुराने गुदमरली, असे तेव्हा सांगण्यात आले. हे दुसरे उदाहरण नळाचे म्हणून देत नाही. ज्वाळेहून धूर किती घातक, ते कळावे म्हणून देतो.

यावर उपाय काय? आग अडवण्यासाठी बांधलेल्या भिंतीला नळासाठी भोक पाडले, की भिंत तिथे दुबळी होते. त्या भोकात बसवायची पोलादी पात्यांची झडप म्हणजे फायर डँपर. एरवी ती उघडी असते. तिला धरून ठेवणारी पट्टी अशा डाकाने जोडलेली असते, की तो साधारण ७० ते ७५ अंश सेल्सिअसला वितळतो. डाक सुटला, की स्प्रिंगच्या जोराने पाती खटकन मिटतात. कुणाला हाक मारावी लागत नाही.

पण दूरवरून आलेला धूर तितका तापलेला नसतो. मग डाक वितळणार कसा? म्हणून धुराची चाहूल घेणारे यंत्र, त्यावर मिटणारी मोटारीची झडप, आणि हवेचा पंखा आपोआप बंद होण्याची सोय, हेही लागते.

झडप बसवण्यातही मेख आहे. ती भिंतीच्या जाडीतच हवी, लांब नळात लोंबती नको. तिला पोलादी चौकट हवी, कडेने कोनपट्ट्या हव्यात, आणि फट आगीला दाद न देणाऱ्या द्रव्याने बुजवलेली हवी. नळाचा सांधा असा असावा, की तापून नळ कोसळला तरी सांधा सुटावा नि झडप भिंतीतच राहावी. शिवाय तपासणीसाठी जवळ झाकणाची खिडकी लागते. धुळीने अडलेली किंवा कुणी तारेने बांधून ठेवलेली झडप असून नसल्यासारखीच.

महाराष्ट्रात यासाठी कायदा आहे: आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. कायदा लागू असलेल्या इमारतीतील आगीपासून बचावाची साधने चालू स्थितीत असल्याचा परवानाधारक संस्थेचा दाखला मालकाने दर जानेवारीत व जुलैत द्यायचा असतो.

आपण रुग्ण घेऊन मिरजेला, सांगलीला जातो. तिथे खाट मिळाली, की आपण निर्धास्त होतो. पण एक प्रश्न अवश्य विचारावा : "यंदाचा आगीचा दाखला झाला का?" यात कुणाचा अपमान नाही. आणि शिक्षकबंधूंनो, मुलांना एवढे जरूर शिकवा, की धुरात ताठ उभे राहू नये. जमिनीलगत वाकून बाहेर पडावे, आणि निघताना मागचे दार ओढून घ्यावे. साधे लाकडी दारसुद्धा काही मिनिटे धूर अडवते, आणि तेवढ्या मिनिटांत माणूस वाचतो.