भरवशाला वेळ लागतो
(नाशिकच्या वाचनवर्गात केलेले भाषण)



आज आम्ही जरा नाजूक विषय काढतो आहोत. एखाद्या लेकराला घरातच मार बसतो, किंवा ओळखीचाच माणूस त्याला वाईट हात लावतो. मुलगा असो, मुलगी असो. ते लेकरू मोठे होते, संसार मांडते. पण मनातले भय जात नाही. नवऱ्याने सहज आवाज चढवला, तरी बायको दचकते. घरचे म्हणतात, “हिचा स्वभावच संशयी!”

हा स्वभाव नव्हे, मंडळी. दुधाने तोंड पोळले, की माणूस ताकही फुंकून पितो. जिथे आधार हवा तिथेच दगा झाला, मग भरवसा कसा बसावा?

सिंधुताई सपकाळांचे नाव तुम्ही ऐकलेच असेल. त्या १९४८ साली वर्धा जिल्ह्यात जन्मल्या. नकोशी मुलगी म्हणून घरचे त्यांना ‘चिंधी’ म्हणत. कोवळ्या वयात लग्न लागले. पुढे दिवस भरत आले असताना नवऱ्याने मारून बाहेर काढले. गोठ्यात त्या बाळंत झाल्या. पण त्याच बाईंनी शेकडो अनाथ लेकरांना पोटाशी धरले. पुष्कळ वर्षांनी म्हातारा नवरा परत आला. ताईंनी त्याला आसरा दिला, पण बायको म्हणून नव्हे, आई म्हणून! नाते कोणते ठेवायचे, ते त्यांनी स्वतः ठरवले. २०२२ साली त्या वारल्या. त्यांच्यापासून आपण एवढे शिकावे, की माफ करणे वेगळे आणि भरवसा ठेवणे वेगळे. “झाले गेले विसर,” अशी सक्ती कुणी कुणावर करू नये.

मग भरवसा बसतो कसा? आपली द्राक्षबाग पाहा. एप्रिलात खरड छाटणी केली, की लगेच कुणी घड मागतो का? आधी काडी पिकावी लागते. ऑक्टोबरात गोडी छाटणी होते, तेव्हा कुठे घड दिसतो. माणसाच्या मनाचेही तसेच आहे.

आमच्या वर्गात एक ताई दाराकडे पाठ करून कधीच बसत नसत. आम्ही कारण विचारले नाही. दार दिसेल अशी जागा त्यांच्यासाठी रोज राखून ठेवली. कित्येक आठवड्यांनी त्या आपण होऊन पुढच्या ओळीत बसल्या.

घरच्यांनीही असेच करावे. सहाला येतो म्हटले, तर सहाला यावे. जवळ जाण्याआधी विचारावे. ‘नको’ म्हटले तर रागावू नये. जुने दुःख उकरू नये. आपण होऊन सांगितले तर ऐकावे, आणि ते चौघांत बोलू नये.

ज्यांनी सोसले त्यांना आमचे सांगणे एवढेच: दोष तुमचा नव्हता. लेकराचा तो कधीच नसतो. सगळ्यांवर एकदम विश्वास टाकू नका. एका माणसाला एक लहानशी गोष्ट सांगा. त्याने ती जपली, तर दुसरी सांगा. मन फारच जड झाले, तर १४४१६ या नंबरावर फोन करा. तिथे पैसे पडत नाहीत.

आणि आज एखादे लेकरू सोसत असेल, तर गप्प बसू नका. १०९८ वर कळवा. अठरा वर्षांखालील मुलांसाठी २०१२ साली पोक्सो कायदा झाला आहे. लेकराने सांगितले, की आधी त्याच्यावर विश्वास ठेवा. त्याचा आपल्यावरचा भरवसा तिथूनच सुरू होतो.