नामवंत स्त्री आणि कादंबरीतला संसार



श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' मी अनेक वर्षे शिकवते आहे. गोपाळरावांच्या विक्षिप्तपणावर तास रंगतो. यंदा मी विचारले, "आनंदीबाईंनी प्रबंध कशावर लिहिला?" वर्ग गप्प. हा प्रश्न मीही आजवर विचारला नव्हता.

१८८६ साली पेनसिल्व्हानियात त्या डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहा दिवसांत दगावले होते, हे आठवले की त्या विषयाचे मोल कळते.

कादंबरीने नवरा-बायकोचे नाते जरूर रंगवावे. पण शीर्षकातल्या जोडनावामागे बाईची विद्या झाकली जाऊ नये. यापुढे माझा पहिला तास त्या प्रबंधावर असेल.