जलाशयाचा काठ आणि शाळेचे छायाचित्र



सोलापूर जिल्ह्याला समुद्र नाही; काठ मात्र आहे. भीमा नदीवर माढा तालुक्यात उजनी येथे बांधलेले धरण १९८० साली पूर्ण झाले आणि ज्वारीच्या मुलखात एक विस्तीर्ण जलाशय पसरला. त्याची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट आहे. त्यातील निम्म्याहून अधिक पाणी मृतसाठा म्हणून गणले जाते. जेथे पाभर चालत असे तेथे होड्या चालू लागल्या. भोई मंडळींची बिऱ्हाडे काठाला आली. कटला, रोहू, चिलापी ही नावे मुलांच्या तोंडी रुळली. या काठाचे एक वैशिष्ट्य असे की, तो एका जागी राहत नाही. पावसाळा सरता सरता पाणी बांधाला येऊन भिडते आणि चैत्र-वैशाखात ते इतके मागे हटते की, मागे उरलेल्या चिखलावर भेगा पडतात. समुद्राची भरती-ओहोटी दिवसातून दोनदा. उजनीची वर्षातून एकदा.

अशा ठिकाणच्या शाळेने छायाचित्रे का काढावीत, हा प्रश्न कोणी विचारील. शाळेत फोटो आज थोडे का निघतात! प्रत्येक शिक्षकाच्या खिशात भ्रमणध्वनी आहे आणि प्रत्येक उपक्रमाचा फोटो अहवालासोबत जातो. परंतु ते फोटो एकत्र मांडून पाहावेत. फलक मध्यभागी, पाहुणे फलकापुढे, मुले दोन रांगांत उन्हाकडे तोंड करून डोळे किलकिले करीत उभी. दहा शाळांचे दहा फोटो मिसळले तर कोणता कोणत्या गावचा हे सांगणे कठीण. त्यांत फलक दिसतो, गाव दिसत नाही.

आणि गाव दिसले नाही तर काय होते, हे उजनीच्या काठाइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? पाण्याखाली गेलेल्या गावांतून माणसे उठली तेव्हा खेड्यात कॅमेरा क्वचितच होता. कोणाकडे लग्नातील एखादे चित्र आहे. परंतु पाणवठा, पार, चावडी, नदीकडे उतरणारी वाट यांचे चित्र बहुधा कोणापाशी नाही. पाणी फार ओसरले म्हणजे पळसदेवचे पळसनाथाचे जुने मंदिर उघडे पडते. २०२४ च्या उन्हाळ्यात तसे झाले, तेव्हा लोक ते पाहावयास लोटले. आजोबा तेथे नातवाला बोट करून दाखवतात, “येथे पार होता.” नातवाला चिखल दिसतो. आजचा काठही उद्या असाच राहील असे नाही. म्हणून आज जे नित्याचे वाटते तेच टिपून ठेवण्याजोगे आहे : पहाटे जाळे सोडविणारे हात, माशांची टोपली, पाण्याकाठी बांधलेली म्हैस, पाणी उपसणाऱ्या मोटारींच्या नळ्या, मागे हटणाऱ्या पाण्यामागोमाग केलेली पेरणी.

पद्धत सोपी आहे. शाळेने काठावर एक जागा ठरवावी. तेथे दगड रोवून त्यास चुना लावावा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, त्याच दगडाशी उभे राहून, त्याच दिशेला, त्याच वेळी एक छायाचित्र घ्यावे. वर्षाअखेरीस बारा चित्रे ओळीने लावली की भूगोलाचा जो पाठ होतो तो फळ्यावरील आकृतीने होत नाही. ही युक्ती नवी नव्हे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ च्या सुमारास कुंडीत वाटाणा पेरून, रोज थोडे थोडे चित्रण करून, रोपाची वाढ पडद्यावर मिनिटभरात दाखविली होती. शाळेच्या अंगणातही वाटाणा उगवतो.

कॅमेरा हाती देण्यापूर्वी मुलांना तो समजावा. पुठ्ठ्याचे खोके घ्यावे, एका बाजूस सुईने बारीक छिद्र पाडावे, समोरची बाजू कापून तेथे पतंगाचा पांढरा पातळ कागद चिकटवावा आणि डोक्यावर घोंगडी घेऊन उन्हातील झाडाकडे छिद्र करावे. कागदावर झाड उलटे उमटते. ते उलटे का, हे मुलांनाच शोधू द्यावे. प्रकाश सरळ रेषेत जातो हे वाक्य पाठ करण्याची मग गरज राहत नाही.

पक्ष्यांविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण येथे उत्साह घात करतो. हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात. पाणी उतरून दलदल उघडी पडू लागली की रोहित पक्ष्यांचे थवे उथळ पाण्यात चोची उलट्या बुडवून चरताना दिसतात. ते पाहण्यास दूरदूरची माणसे मोठी भिंगे घेऊन येतात. शाळेकडे तसे भिंग नसते, आणि त्यात काही न्यूनही नाही. भ्रमणध्वनीच्या चित्रात थवा म्हणजे एक गुलाबी रेघ उमटेल. ती रेघ, तिची तारीख आणि मुलांनी मोजलेला अदमासे आकडा यांची नोंदही मोलाची आहे. चित्र मोठे यावे म्हणून थवा उडविणे मात्र सर्वथा वर्ज्य. उन्हाळ्यात नदीसुरय उघड्या वाळूवर अंडी घालतो. माणूस जवळ गेला की पक्षी उठतो आणि तेवढ्या वेळात ऊन किंवा कावळा आपले काम उरकतो. घरट्याचे चित्र मुलांकडून कधीही मागू नये.

तसेच, चित्रासाठी मुलांना होडीत बसवू नये. २१ मे २०२४ रोजी कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान वादळात होडी उलटून सहा जण बुडाले. या जलाशयावर वारा केव्हा उठेल याचा नेम नसतो. काठावरून जे दिसते ते शाळेला पुरेसे आहे.

माणसांचे चित्र विचारल्यावाचून घेऊ नये. ऊसतोडणीस आलेल्या कुटुंबाची झोपडी किंवा फाटका सदरा घातलेले मूल चित्रात ‘चांगले’ दिसते, असे पुष्कळांना वाटते. त्या मुलाच्या आईला तसे वाटेल काय? तिला चित्र दाखवावे, एक प्रत द्यावी. ती नको म्हणाली तर पुसून टाकावे. मुलांची चित्रे पालकांच्या संमतीवाचून सार्वजनिक गटांवर पाठवू नयेत. तोच मुलगा जाळे विणण्यात पटाईत असेल. त्याच्या हातांचे चित्र त्यानेच निवडले तर तो शाळेत अधिक रमेल.

नोंदीवाचून छायाचित्र मुके असते. प्रत्येक चित्राबरोबर तारीख, वेळ, ठिकाण, काय चालले आहे आणि त्या वस्तूला गावात काय म्हणतात हे मुलांनी दोन-तीन ओळींत लिहावे. शब्द पुस्तकी करण्याचा मोह शिक्षकांनी आवरावा. जाळ्याच्या एकेका भागाला भोई जे नाव देतात तेच लिहावे. शंका आली तर त्यांनाच शाळेत बोलवावे. भाषेच्या तासाला याहून चांगला पाहुणा मिळणे कठीण.

चित्रे केवळ यंत्रात ठेवू नयेत. यंत्र बिघडते, शिक्षकाची बदली होते, आणि चित्रे त्याच्याबरोबर जातात. वर्षातून निवडक बारा चित्रे कागदावर छापून घ्यावीत आणि शाळेच्या दप्तरात जाड वहीला कोपऱ्यांनी अडकवावीत. खळीने चिकटवू नयेत, कारण खळीला कसर लागते. मागे मऊ पेन्सिलीने लिहावे, शाई पुढे उमटते. वही भिंतीला टेकलेल्या कपाटात न ठेवता ओल लागणार नाही अशा जागी ठेवावी, आणि बदलीच्या वेळी कार्यभाराच्या यादीत तिची नोंद करावी.