शंकू-साखळीची विद्या

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर शेंद्रा लागते. जेथे शेतांचे बांध होते, तेथे आज कारखान्यांची आवारे आहेत. तेथील ऑरिक या औद्योगिक नगरीचे लोकार्पण 7 सप्टेंबर 2019 रोजी झाले. जमिनीचा वापर असा पालटतो, तेव्हा पहिला प्रश्न येतो तो हद्दीचा. आता मोजणी उपग्रहाच्या संकेतांवर चालणाऱ्या रोव्हर यंत्राने होते. शंकू-साखळी हाताळता येण्याची सक्ती मोजणीदारावर उरलेली नाही.

ही साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. एक चौरस साखळी म्हणजे 1089 चौरस फूट, अर्थात एक गुंठा. शेत 10 साखळ्या लांब व 4 साखळ्या रुंद असेल, तर 40 गुंठे, म्हणजे एक एकर. हिशेबाला कागदही नको! क्षेत्रफळ शिकविणाऱ्या गुरुजींना याहून सोपे उदाहरण क्वचितच मिळेल. वाकड्यातिकड्या शेतातून एक पायारेषा टाकावयाची, शंकूच्या साह्याने काटकोन साधून तिच्यापासून प्रत्येक कोपऱ्याचे अंतर घ्यावयाचे आणि ते आकडे टिपणात उतरवावयाचे, अशी ती रीत.

जुनी टिपणे व त्यांवरून काढलेले नकाशे याच रीतीने तयार झालेले आहेत, आणि खरी अडचण येथेच आहे. वापराने साखळीच्या कड्या झिजत व तिची लांबी वाढे. अर्धा फूट वाढलेल्या साखळीने दहा साखळ्यांचा बांध मोजला, तर तो प्रत्यक्षात नोंदीपेक्षा पाच फूट अधिक भरतो. उतारावर साखळी समपातळीत धरली नसेल, तर उलट नोंदच जास्त होते. यंत्र आजचे अंतर अचूक सांगते. परंतु जुन्या नोंदीशी तफावत का पडली, हे ओळखण्यास साखळीचे गुणदोष जाणणारा माणूसच लागतो. तो नसला की पाच फुटांचे अतिक्रमण शेजाऱ्याच्या माथी बसते, भाऊबंदांचा तंटा कचेरीत जातो आणि तेवढ्या जमिनीच्या किमतीहून अधिक पैसा हेलपाट्यांतच संपतो.

गावात वा जवळपास असा निवृत्त मोजणीदार असेल, तर हद्दीचे दगड तपासण्याच्या शिवारफेरीत ग्रामपंचायतीने त्यास अगत्याने सोबत घ्यावे. वरच्या वर्गांतील मुलांनाही न्यावे. टिपण कसे वाचावे, हे बांधावर उभे राहूनच समजते. साखळी मिळाली नाही तर 33 फुटांची दोरी चालेल. मात्र ती सुती नसावी. ओली झाली की आखडते.