जोडाक्षरे आणि दप्तरातील नोंद

सोलापूरच्या ग्रामदैवताचे ‘सिद्धेश्वर’ हे नाव संगणकावर टंकित करताना ‘द्ध’साठी स्वतंत्र कळ लागत नाही. युनिकोडमध्ये द, हलन्त व ध एवढेच क्रमाने नोंदले जातात. त्यांचे जोडाक्षर घडवितो तो टंक, म्हणजेच फॉन्ट. टंक अपुरा असल्यास अक्षरे सुटी दिसतात; नोंद मात्र शाबूत राहते.

याउलट ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील ‘ऱ्य’ दोन प्रकारे उमटतो: ‘ऱ’, हलन्त व ‘य’ यांनी, किंवा ‘र’, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह व ‘य’ यांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. शोध घेताना मात्र यंत्र त्यांना भिन्न मानू शकते आणि असलेली नोंदही सापडत नाही. म्हणून ग्रामपंचायतीच्या व शाळेच्या दप्तरात सर्वांनी पहिलीच रीत पाळणे अगत्याचे आहे.